बाबासाहेबांचे साठ अभ्यासक्रम आणि आपला एक अर्ज

बारावीचा निकाल लागला की वस्तीत पेढ्यांपेक्षा प्रश्नच जास्त फिरतात. अशाच एका निकालाच्या आठवड्यात एक माय मुलीला घेऊन माझ्याकडे आली. चार घरची धुणीभांडी करून तिने मुलीला सायन्समधून बारावी केले. गुणपत्रिका माझ्या हातात देऊन म्हणाली, "भाऊ, पोरीला बासष्ट टक्के पडलेत. आता कोणत्या साईडला टाकू? शेजारीपाजारी म्हणतात फार्मसीला टाक, मेडिकल दुकान तरी टाकता येतं. आर्टला टाकली तर पोरगी वाया जाईल म्हणतात."

मुलगी मागे उभी होती. तिला कोणी काही विचारलेच नव्हते.

'टाकू' या शब्दाने मी थबकलो. पिशवीत भाजी टाकावी तसे आपण लेकरांना साईडला टाकतो. टक्के जास्त पडले तर मेडिकल-इंजिनिअरिंग, मध्यम पडले तर फार्मसी, कमी पडले तर आर्ट. ही उतरंड आपल्या डोक्यात इतकी घट्ट बसली आहे की, ती कोणी रचली हेसुद्धा आपण विचारत नाही. उतरंडीशी ज्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे भांडण आहे, त्या समाजाने विषयांची उतरंड मात्र मुकाट्याने मान्य करावी, याचे आश्चर्य वाटते.

साठ अभ्यासक्रमांचा हिशेब

आपण बाबासाहेबांच्या पदव्या तोंडपाठ म्हणतो. जयंतीच्या फलकावर त्या ओळीने लिहितो. पण त्या पदव्यांसाठी बाबासाहेबांनी शिकले तरी काय, हे किती जणांनी पाहिले? बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथल्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन प्रत्येकी एक. बेरीज करा. साठ होतात.

या साठांपैकी एकही विषय असा नाही की ज्याला आज आपण 'आर्ट साईड' म्हणून नाक मुरडणार नाही! आजच्या हिशेबाने बाबासाहेब आर्टचे विद्यार्थी होते. मग ते वाया गेले काय?

आता या विषयांचे त्यांनी पुढे काय केले ते पाहा. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर या प्राध्यापकांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचा उगम, तिची यंत्रणा आणि तिचा प्रसार हा त्याचा विषय. तोवर जातीवर लिहिणारे बहुतेक एकतर तिचे गोडवे गाणारे होते किंवा बाहेरून पाहणारे साहेब. जातीने ज्याला जाळले तो माणूस जातीचे शास्त्र मांडतो आहे, ही घटना नवीन होती. आणि ती एका वर्गात, एका अभ्यासक्रमाचा भाग म्हणून घडली. १९१९ साली मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. तिथे राज्यशास्त्र कामी आले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, १९२३ साली डी.एस्सी. मिळवली आणि १९२५ साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्याच अधिकाराने ते बोलले. तिथे अर्थशास्त्र कामी आले. धम्माकडे वळले तेव्हा इतिहास, तत्त्वज्ञान आणि पाली कामी आली. संविधान लिहिताना तर सगळेच कामी आले.

म्हणजे विषय हे हत्यार आहे. ज्याच्या हाती अर्थशास्त्र आहे तो अंदाजपत्रक वाचतो. ज्याच्या हाती इतिहास आहे त्याला खोटा इतिहास शिकवता येत नाही. ज्याच्या हाती कायदा आहे त्याला पोलीस चौकीत सहज हुसकावता येत नाही. हे हत्यार आपण स्वतःहून खाली ठेवत आहोत काय, हा आजचा प्रश्न आहे.

आपण ठेवो वा न ठेवो, ते काढून घेण्याची तयारी मात्र वरून सुरू आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचनांत एक कलम घालण्यात आले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. भारतात साधने आहेतच, मग त्यासाठी परदेशात कशाला जायचे, असे समर्थन झाले. समर्थन गोड आहे. पण या नियमाची पट्टी १९१६ च्या त्या निबंधाला लावून पाहा. भारतातील जातींवर न्यूयॉर्कमध्ये बसून लिहू पाहणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याचा अर्ज पहिल्याच छाननीत बाद झाला असता! आमच्या मुलाने परदेशात जाऊन यंत्रे शिकावीत, संगणक शिकावा; पण स्वतःच्या गुलामीचा अभ्यास मात्र करू नये, असा याचा अर्थ होतो. आर्ट साईड निरुपयोगी असती तर तिला कुंपण घालण्याची गरज कोणाला पडली असती?

'उरलेल्यांची साईड' कोणी केली?

बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे होते. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या, कॉलेजच्या नावाने ओसाड असलेल्या मराठवाड्यात, नागसेनवनाच्या माळावर शिक्षणाची ही वसाहत उभी राहिली. खेड्यातून डोक्यावर वळकटी घेऊन आलेली पोरे तिथल्या वसतिगृहात राहिली, शिकली.

त्या माळावरून काय उगवले? गंगाधर पानतावण्यांसारखे अध्यापक तिथे घडले आणि 'अस्मितादर्श'ने दलित साहित्याला हक्काचे घर दिले. सुखदेव थोरात यांनी मिलिंदच्या कला महाविद्यालयातून बी.ए. केले, अर्थशास्त्र हाती घेतले, आणि २००६ ते २०११ या काळात ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. देशातील विद्यापीठांना अनुदान देणाऱ्या खुर्चीवर मिलिंदचा आर्टचा विद्यार्थी बसला! 'आर्टला टाकली तर वाया जाईल' असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण कोणीतरी सांगितले पाहिजे.

पण इतिहासाचे गोडवे गाऊन आजचे वास्तव झाकता येणार नाही. शेजारीपाजारी म्हणतात ते उगाच म्हणत नाहीत. आज आर्टच्या वर्गात काय चालते? हजेरीपटावर नावे भरपूर, बाकांवर पोरे मोजकी. कायम प्राध्यापक निवृत्त झाले की त्यांची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही. तासिका तत्त्वावर राबणारे नेट-सेट, पीएच.डी. झालेले तरुण तासागणिक मिळणाऱ्या मानधनावर संसार ओढतात, तेही मानधन महिनोन्‌महिने थकते. विद्यार्थी ग्रंथालयाऐवजी गाईड विकत घेतो आणि परीक्षेच्या आधी पंधरा दिवस पाठ करतो. मग पदवी मिळते, विद्या मिळत नाही. हा दोष इतिहास-अर्थशास्त्राचा नाही. ज्यांनी हे विभाग उपाशी ठेवले त्यांचा आहे. विहीर बुजवायची आणि मग पाणीच नाही म्हणून ओरडायचे, अशातला हा प्रकार आहे.

यात आपला थेट तोटा कसा होतो, हे बिंदुनामावलीच्या गणिताने समजते. एकामागून एक पदे भरताना अनुसूचित जातीचे पहिले पद सातव्या बिंदूवर येते. आता संपूर्ण संस्था हे एकक धरले तर सातवे पद लवकर येते. पण विभाग हे एकक धरले आणि विभागात दोन-तीनच पदे असतील, तर सातवा बिंदू येणार कधी? ५ मार्च २०१८ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमका हाच विभागनिहाय हिशेब लागू करण्याचा आदेश काढला होता. देशभर रान उठले, विद्यार्थी-प्राध्यापक रस्त्यावर आले, तेव्हा २०१९ साली कायदा करून केंद्रीय संस्थांमध्ये संस्था हे एकक परत आणावे लागले. लढलो म्हणून मिळाले. पण हे गणित किती घरांत कळले?

त्यात आता नवे शैक्षणिक धोरण आले आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांतही ते लागू झाले. मेजर, मायनर, श्रेयांक असे नवे शब्द आले. विज्ञानाच्या मुलाला इतिहास आणि इतिहासाच्या मुलीला आकडेशास्त्र शिकता येईल, असे त्याचे वर्णन केले जाते. कल्पना चांगली आहे. बाबासाहेबांच्या साठ अभ्यासक्रमांत हेच होते. पण कोलंबियात प्रत्येक विषयाला सेलिग्मन, ड्यूई यांच्या तोडीचा माणूस उभा होता. इथे तालुक्याच्या कॉलेजात एका विषयाला धड एक प्राध्यापक नाही, तिथे दहा विषयांची निवड कोणत्या फळ्यावर लिहायची?

शिवाय या धोरणात एका वर्षाने बाहेर पडल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स अशी सोय आहे. पैसेवाल्याचा मुलगा चार वर्षे शिकेल. मजुराची मुलगी पहिल्या वर्षी बाहेर पडेल आणि तिच्या हातात एक कागद असेल. पूर्वी याला गळती म्हणत. गळतीला प्रमाणपत्र दिले म्हणजे ती गळती राहत नाही काय? आपल्या पालकांनी एवढे मनाशी पक्के करावे की, वर्षा-दोन वर्षांत बाहेर पडण्याची ही दारे आपल्या लेकरांसाठी नाहीत.

थर्मामीटर आणि काउंटर

आता फार्मसीकडे वळू. कारण आर्टची बाजू घेताना फार्मसीला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. उलट, औषधाच्या काउंटरमागे आपला मुलगा, आपली मुलगी उभी राहणे याचा अर्थ फार मोठा आहे.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची हकीगत नोंदवली आहे. १९२९ सालची. त्याची बायको बाळंत झाली आणि आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार होईना. मोठ्या मिनतवारीने आला, तोही बाईला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने स्वतः लावला नाही. एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याच्या हाती आणि नवऱ्याने बायकोला लावला. परत तसाच उलटा प्रवास. ती बाई वाचली नाही. एका थर्मामीटरला तीन हात लागले, कारण एक हात बाटणार होता.

त्याच समाजाची मुलगी आज गावातल्या औषध दुकानात उभी राहून पाटलाला, सावकाराला, भटजीला गोळ्या मोजून देते आणि 'जेवणानंतर घ्या' असे सांगते. ही क्रांती लहान नाही. म्हणून फार्मसी शिकावी, जरूर शिकावी. पण डोळे उघडे ठेवून शिकावी.

फार्मसी कायदा १९४८ चा. नोंदणीकृत औषधनिर्मात्याशिवाय औषध देता येत नाही, असे हा कायदा सांगतो. डी.फार्म. दोन वर्षांचा, त्यावर किमान ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. बी.फार्म. चार वर्षांचा, त्यासाठी सीईटी. २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. हा अभ्यासक्रमही आहे. नोंदणी झाली की दुकान आहे, रुग्णालय आहे, जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकारी आहे, पदवीनंतर अन्न व औषध प्रशासनातील औषध निरीक्षकाची परीक्षा आहे, औषध कंपन्यांतील गुणवत्ता तपासणी आहे. वाटा खऱ्या आहेत.

पण या वाटांवर टोलनाके कोणी उभारले? १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे दार उघडले आणि शिक्षणसम्राटांची जमात जन्माला आली. साखर कारखान्याशेजारी फार्मसी कॉलेज दिसू लागले. कॉलेजे इतकी झाली की २०१९ साली फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियानेच नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली. संस्थाचालक न्यायालयात गेले. अशी बंदी केवळ ठराव करून घालता येत नाही, असे सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि बंदी उठली. त्यानंतर पुन्हा फलक लागले. फलक लावायला वेळ लागत नाही, प्रयोगशाळा उभारायला लागतो.

आणि या कॉलेजांना मुले कुठली हवी असतात? शिष्यवृत्तीची! अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यामागे शासनाकडून शुल्क येते, हे संस्थाचालकाला नीट ठाऊक असते. म्हणून निकालाच्या सुमारास वस्त्यांमध्ये माणसे फिरतात. 'फी लागत नाही, यायची गरज नाही, परीक्षेला फक्त या' अशी आमिषे दाखवतात. ज्याने औषधाची मात्रा शिकलीच नाही, त्याने उद्या कोणाच्या लेकराला कोणती बाटली द्यावी?

याचे पुढचे पाऊल आणखी वाईट आहे. पोरगा फार्मसी करतो, नोंदणी होते, पण दुकान टाकायला भांडवल नाही. मग गावातला पैसेवाला त्याला गाठतो. परवाना याच्या प्रमाणपत्रावर, दुकान त्याचे, गल्ला त्याचा. याला महिन्याला ठरावीक रक्कम, आणि दुकानात यायचीही गरज नाही! प्रमाणपत्र भाड्याने देण्याचा हा धंदा उघड गुपित आहे. तो बेकायदेशीर आहे, पकडले गेले तर नोंदणी आपल्या पोराची जाते. पूर्वी आपले श्रम वेठीला जात. आता पदवी वेठीला चालली आहे. मायबापांनी मुलाला फार्मसीत घालताना दोन वर्षांच्या फीचाच नव्हे, दुकानाच्या भांडवलाचाही विचार करावा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना, बँकेचे कर्ज, जन औषधी केंद्रासाठी अनुसूचित जातींच्या अर्जदारांना असलेले विशेष साह्य, यांची चौकशी पदवी हाती येण्याआधीच करावी. आणि दोघा-तिघांनी मिळून दुकान टाकले तर कोणाचे भाडेकरू व्हावे लागणार नाही.

औषधाची किंमत कोण ठरवतो?

इथे दोन्ही साईड एकमेकींना येऊन मिळतात. काउंटरमागच्या मुलीला गोळीचे रसायन कळते. पण त्या गोळीची किंमत कोण ठरवतो? २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती बाजारातील किमतींच्या सरासरीवर ठरू लागल्या. त्याआधी नियंत्रित औषधांची किंमत उत्पादन खर्चाच्या आधारे ठरत असे. हा बदल प्रयोगशाळेत झाला नाही. तो अर्थशास्त्राच्या टेबलावर झाला. आणि त्याचे बिल आपल्या वस्तीतल्या मधुमेहाच्या म्हाताऱ्या आजीने भरले. स्वस्त जन औषधीची कल्पना २००८ साली प्रत्यक्षात आली, तीही धोरणाच्या टेबलावर. त्या टेबलाशी बसायचे असेल तर अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा शिकलेली आपली माणसे पाहिजेत. औषध देणारा आपला आणि किंमत ठरवणारा परका, असे किती दिवस चालायचे?

दुसरे उदाहरण तर दारातच आहे. एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनगणनेत जातींची मोजणी करण्याचा निर्णय घेतला. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख. सगळ्या जातींची अशी मोजणी १९३१ नंतर झालेली नाही. उद्या आकड्यांचा डोंगर समोर येईल. कोण किती शिकले, कोण कोणत्या धंद्यात. हे आकडे वाचणार कोण? ज्यांनी आजवर आपल्याविषयी लिहिले तेच पुन्हा लिहिणार असतील, तर मोजणी आपली होईल आणि अर्थ त्यांचा लागेल. समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकलेली शंभर मुले प्रत्येक जिल्ह्यातून हवी आहेत. ती आकाशातून पडणार नाहीत.

आणि पाली? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण फटाके वाजवले. बाबासाहेबांनी स्वतः खपून पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केले. मुंबई, पुणे, नागपूरच्या विद्यापीठांत पाली शिकता येते. विहारात आपण त्रिसरण म्हणतो ते पालीत. पण त्या भाषेच्या वर्गात आपल्या किती घरांतून मुले जातात?

शिष्यवृत्ती ही भीक नव्हे

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना १९४४ पासूनची. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींसाठी या योजनेचा पाच वर्षांचा ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के. कागदावर आकडा मोठा. पण कागद आणि खाते यांच्यामध्ये पोरांची वर्षे जातात. पैसे उशिरा येतात म्हणून कॉलेज गुणपत्रिका अडवते, शाळा सोडल्याचा दाखला अडवते. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना शुल्कसवलतीसाठी संप करावा लागला. २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थी आझाद मैदानावर बसले. पुस्तक धरायच्या हातांना फलक धरावा लागतो, ही शरम त्या हातांची नाही.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात ठेवा. व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्या. संस्थेच्या कोट्यातून घेतला तर शिष्यवृत्ती बुडते. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप, हा फरक समजून घ्या. जात पडताळणी अकरावी-बारावीतच उरका. फार्मसी कॉलेजला कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का, हे कार्यालयात जाऊन पाहा. आणि कॉलेज कोणतेही असो, तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. शिकवणारे कायम किती आहेत, प्रयोगशाळा उघडी आहे का, ग्रंथालयात पुस्तके आहेत का आणि ती मुलांना मिळतात का.

विहारात एक टेबल मांडा

जयंतीला डीजे लावायला आपल्याकडे वर्गणी जमते. त्यातल्या एका दिवसाच्या वर्गणीतून निकालाच्या महिन्यात प्रत्येक विहारात एक टेबल मांडता येईल. त्यावर एक संगणक, दोन शिकलेली पोरे आणि अर्ज भरायला आलेल्या लेकरांसाठी पाण्याचा माठ. निवृत्त प्राध्यापक, बँकेतले, मंत्रालयातले, औषध दुकानातले आपले बांधव आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे बसले तरी पुष्कळ होईल. आमिष दाखवणाऱ्या दलालाला वस्तीत पाय ठेवायला जागा उरणार नाही. आणि तिथे मायबापांना विचारायचा पहिला प्रश्न 'टक्के किती' हा नसावा. मुलीला विचारावे, "बाळा, तुला काय शिकायचंय?"

त्या दिवशी मी हेच विचारले. मुलगी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला इतिहास आवडतो. पण घरी बोलले तर सगळे म्हणतात, इतिहासानं पोट भरतं का?"

मी तिला कोणत्याच साईडला 'टाकले' नाही. वर सांगितलेल्या तीन गोष्टी एका कागदावर लिहून दिल्या आणि मायलेकींना म्हणालो, दोन्ही कॉलेजे बघून या. आठवड्याने त्या परत आल्या. फार्मसीच्या कॉलेजात प्रयोगशाळेला कुलूप होते, प्रवेश घेतल्यावर उघडू म्हणाले. आर्टच्या कॉलेजात इतिहासाचे दोन कायम प्राध्यापक होते आणि ग्रंथालय संध्याकाळी सहापर्यंत उघडे. मुलीने इतिहास घेतला, सोबत अर्थशास्त्र घेतले. दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रयोगशाळा उघडी मिळाली असती तर कदाचित ती फार्मसीला गेली असती, आणि तेही योग्यच झाले असते.

जाताना मायने विचारले, "भाऊ, नोकरी लागंल ना पोरीला?"

खोटे बोलण्याचा मोह झाला. पण म्हणालो, "माय, नोकरीची हमी आज फार्मसीवाला देऊ शकत नाही, इंजिनिअर देऊ शकत नाही, मीही देत नाही. एवढं मात्र सांगतो, ती नीट शिकली तर तिला कोणी फसवू शकणार नाही. आणि तिच्यामागे येणाऱ्या चार पोरींनाही कोणी फसवू शकणार नाही."

ती थोडा वेळ विचार करत उभी राहिली. मग पदराच्या गाठीतून अर्जासाठी जपून ठेवलेले पैसे काढून तिने मुलीच्या हातात दिले आणि म्हणाली, "जा, तूच भर."